जीर्ण आस आणि नवा बुश : हेमलकसा परिसरातील मोटारसायकलींच्या निमित्ताने एक विवेचन

यंत्राच्या रचनेत काही भाग असे असतात की, ते झिजल्यावाचून त्यांच्या अस्तित्वाची जाणीवच होत नाही. बुश हा अशा भागांपैकी एक होय. आस ज्या छिद्रात फिरतो किंवा डोलतो, त्या छिद्रात घट्ट बसविलेले धातूचे लहानसे नळकांडे, एवढेच त्याचे स्वरूप. बैलगाडीच्या चाकाच्या तुंब्यात जे लोखंडी नळकांडे असते आणि ज्यात गाडीवान वेळोवेळी वंगण घालतो, ते बुशाचेच रूप आहे. तत्त्व तेथे व मोटारसायकलीत एकच : दोन भाग एकमेकांवर घासणार हे अटळ असेल, तर त्यांपैकी झिजावयाचा कोणता हे आधीच ठरवून ठेवावे, आणि तो भाग स्वस्त व सहज बदलता येण्याजोगा असावा.

हा भाग बदलण्याचा प्रसंग शहरात आला, तर तो तासा-दोन तासांचा प्रश्न असतो. हेमलकसा येथे तो तसा नसतो. गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यातील हे गाव आलापल्लीपासून सुमारे ६० किलोमीटरांवर दाट अरण्यात वसलेले आहे. १९८२ साली स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा सर्व प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. बाबा आमटे यांनी १९७३ साली येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या कार्यामुळे येथील दवाखाना व शाळा दूरवरच्या माडिया वस्त्यांना परिचित झाल्या. नजीकच भामरागडपाशी इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्यांचा संगम आहे. पर्लकोटेवरील कमी उंचीच्या पुलावरून पावसाळ्यात पाणी जाऊन भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला आहे. अशा मुलखात जेथे मोठे वाहन जाऊ शकत नाही तेथे मोटारसायकल जाते. रुग्ण, शिक्षक, टपाल आणि बाजारहाट या सर्वांचा भार तीच वाहते. तिच्या मागच्या चाकाचा आधार ढिला झाला आणि आणलेला बुश मापात बसला नाही, तर वाया जातो तो केवळ भाग नव्हे. जाऊन येऊन एक संपूर्ण दिवस जातो, आणि नाल्यांना पूर आला असेल तर कित्येक दिवसही जातात.

म्हणून प्रस्तुत लेखात बुश कोठे मिळतो यापेक्षा कोणता बुश मागावा, हे कसे ठरवावे याचा विचार केला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बिनचूक मिळाले की पहिला प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो.

चिमट्याचा आस व त्याची गती

उदाहरणासाठी मागच्या चाकाचा चिमटा घेऊ. मागचे चाक ज्या दुहेरी भुजेत बसविलेले असते, तिला कारागीर चिमटा म्हणतात. चिमट्याचे पुढचे टोक एका आडव्या आसाने सांगाड्यास जोडलेले असते आणि रस्त्यातील खड्ड्यांनुसार चिमटा या आसाभोवती वर-खाली डोलतो. आसाच्या दोन्ही बाजूंस एकेक बुश असतो.

वंगणाच्या शास्त्रात १८८३ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी बोशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने फिरत्या आसावरील प्रयोगांत असे दाखवून दिले की, तेलाच्या पातळ थरात मोठा दाब उत्पन्न होतो आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. १८८६ साली ऑस्बोर्न रेनल्ड्स याने त्याची गणिती उपपत्ती मांडली. परंतु या उपपत्तीचा लाभ मिळण्यास आस सतत एकाच दिशेने फिरावा लागतो. चिमट्याचा आस तसा फिरत नाही. आसापासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर ४०० मिलीमीटर आणि चाकाची वर-खाली हालचाल ८० मिलीमीटर धरली, तर चिमटा फक्त अकरा-साडेअकरा अंशांतून डोलतो. आसाचा व्यास १४ मिलीमीटर असेल, तर त्याच्या पृष्ठभागावरील सरकणे अवघे १.४ मिलीमीटर भरते. एवढ्या अल्प व उलटसुलट गतीत तेलाचा तरता थर तयार होऊ शकत नाही. धातूला धातू जवळजवळ भिडलेलाच राहतो. या ठिकाणी तेलापेक्षा दाट वंगण, म्हणजे ग्रीस, का लागते व ते वारंवार का भरावे लागते, याचे कारण हेच होय.

झिजेचे स्वरूप

सामान्य समजूत अशी की, बुश मऊ व आस कठीण, म्हणून झीज बुशाचीच होणार. स्वच्छ व वंगणयुक्त सांध्यात हे खरे आहे. नाले ओलांडणाऱ्या गाडीत मात्र अनेकदा याच्या उलट आढळते. पाण्याबरोबर आत शिरलेली बारीक रेती ही मुख्यतः गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, असते आणि तिचा कण साध्या पोलादाहून बराच कठीण असतो. हा कण बुशाच्या मऊ धातूत रुतून बसतो आणि तेथून कानशीप्रमाणे आसाला कोरू लागतो. परिणामी बुश वरवर शाबूत दिसतो आणि आसावर मात्र एका बाजूने खाच पडते. अशा वेळी बुश पाहून ‘अजून चालेल’ असा निर्णय देणारा कारागीर फसतो.

झीज थोडी असली तरी तिचा परिणाम थोडा नसतो. दोन बुशांमधील अंतर १८० मिलीमीटर आणि प्रत्येकातील ढिलाई ०.३ मिलीमीटर आहे असे समजू. चिमटा या ढिलाईत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत कलू लागला की, चाकाच्या मध्याशी सुमारे १.३ मिलीमीटर व चाकाच्या मागच्या कडेशी सुमारे २.३ मिलीमीटर एवढी आडवी हालचाल होते. म्हणजे मूळ दोष सात-आठ पटींनी वाढून चाकापर्यंत पोहोचतो. ओल्या मातीच्या वळणावर मागे भार असताना गाडी ‘शेपूट हलवते’ असा जो अनुभव येतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच असते. साखळीची एकाच बाजूने होणारी झीजही बहुधा यातूनच उद्भवते.

प्रथम जात ओळखावी

बुशाच्या दोन मुख्य जाती आहेत व त्यांची गल्लत झाल्यास पुढील सर्व श्रम व्यर्थ जातात. पहिली जात धातूच्या बुशाची. यात आस किंवा आसावरील पोलादी बाही बुशाच्या आत प्रत्यक्ष सरकते, आणि म्हणून वंगण आवश्यक असते. दुसरी जात रबरी बुशाची. यात दोन पोलादी नळ्यांच्या मध्ये रबर पक्के चिकटविलेले असते. आतली नळी आसाच्या नटाने सांगाड्याशी आवळली जाते, बाहेरची चिमट्यात घट्ट बसते, आणि चिमटा डोलतो तेव्हा काहीही न सरकता रबर केवळ पिळले जाते. अलीकडील हलक्या मोटारसायकलींत ही जात सर्रास आढळते.

रबरी बुशास ग्रीस लावणे हे उपकार नसून अपकार होय. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व कुजते. तसेच अशा गाडीचा नट चाक अधांतरी असताना आवळू नये. गाडी चाकांवर उभी करून, तिच्यावर नेहमीचा भार देऊन मगच तो आवळावा. अन्यथा रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते व लवकर फाटते. रबरी बुशाच्या जागी धातूचा बुश बसविण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु त्या सांध्यात वंगणाची वाट नसते, धूळ रोखणारी कडी नसते आणि सरकण्यायोग्य गुळगुळीत कठीण पृष्ठभागही नसतो. या तिन्हींची तजवीज केल्यावाचून हा बदल टिकत नाही.

मापन

धातूच्या बुशाची ओळख चार मापांनी व एका नावाने पूर्ण होते : आतील व्यास, बाहेरील व्यास, लांबी, कॉलर असल्यास तिचा व्यास व जाडी, आणि धातूचे नाव. गाडीचे नाव व साल ही यांची जागा घेऊ शकत नाहीत.

या मापांविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली : जुन्या बुशाचे आतील माप घेऊ नये, कारण तो झिजलेला असतो. माप आसाचे घ्यावे, आणि तेही दोन ठिकाणी : बुशाखाली येणाऱ्या घासलेल्या भागावर व जेथे घर्षण पोहोचत नाही अशा टोकाच्या कोऱ्या भागावर. कोरा भाग मूळ माप सांगतो. दोहोंतील फरक आसाची झीज सांगतो. आसावर स्वतंत्र बाही असेल आणि बुश तिच्यावर सरकत असेल, तर हीच मापे आसाची न घेता बाहीची घ्यावीत. दुसरी : प्रत्येक ठिकाणी माप दोन काटकोनी दिशांनी घ्यावे, कारण झीज बहुधा एकाच बाजूने होऊन आस लंबगोल झालेला असतो. तिसरी : बुश काढल्यानंतर चिमट्यातील रिकाम्या छिद्राचे माप घ्यावे. पूर्वी कोणी ठोकून बुश काढला असेल, तर हे छिद्रही मोठे झालेले असते आणि मूळ मापाचा नवा बुश त्यात सैल बसतो.

सामान्य व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप ०.०२ मिलीमीटर असते. आसासाठी ते कसेबसे पुरते. छिद्रासाठी त्यावर फार विसंबू नये, कारण आतील जबड्यांच्या सपाट कडांमुळे गोल छिद्राचे माप किंचित कमी येते. म्हणून दूरच्या गावाहून लेथपर्यंत जाणाऱ्याने केवळ आकडे नेऊ नयेत. आस आणि शक्य असल्यास चिमटाही बरोबर न्यावा. प्रत्यक्ष आस हा सर्वांत विश्वासार्ह गेज होय.

आता हे माप किती बारकाईने जुळावे लागते ते पाहू. भारतीय मानक आय.एस. ९१९ मधील मर्यादांनुसार १४ मिलीमीटरांचा आस एच ७ – एफ ७ या बैठकीत ठेवला, तर आस व बुश यांतील मोकळीक ०.०१६ ते ०.०५२ मिलीमीटर राहते. बुशाचा बाहेरील व्यास २० मिलीमीटर असून तो एच ७ – आर ६ या घट्ट बैठकीत दाबला, तर बाहेरील बाजूस ०.००७ ते ०.०४१ मिलीमीटर अधिक्य असते. यातील गोम अशी की, बुश दाबून बसविल्यावर त्याचे आतील छिद्र जवळजवळ या अधिक्याइतकेच आवळते. लेथवर आसात सहज जाणारा बुश चिमट्यात बसविल्यावर आसाला अडकतो, याचे रहस्य एवढेच आहे. त्यात लेथवाल्याची चूक नसते.

आस झिजला असेल तर

या विषयातील सर्वांत सामान्य चूक येथे घडते. आस १४.०० वरून १३.७० मिलीमीटरांवर आला आहे आणि दुकानातून १४ मिलीमीटरांचा उत्कृष्ट नवा बुश आणला, असे समजा. ०.३ मिलीमीटरांची ढिलाई पहिल्याच दिवशी हजर असते. बुश १३.७० चा करून घ्यावा म्हटले, तर आसाच्या कोऱ्या, १४ मिलीमीटरांच्या भागावरून तो पुढे सरकतच नाही. थोडक्यात, झिजलेल्या आसाला नवा बुश हे उत्तर नव्हे. प्रथम आस गोल व समान मापाचा करावा, मग बुश.

यासाठी तीन मार्ग आहेत. नवा आस मिळत असेल तर तोच उत्तम, कारण आस हा अखेर एक साधी दांडी असते. तो न मिळाल्यास जुना आस घासून संपूर्ण लांबीभर एका कमी मापाचा, उदाहरणार्थ १३.६० मिलीमीटरांचा, करावा आणि त्या मापाचा बुश बनवून घ्यावा. मात्र पुष्कळ आसांचा केवळ पृष्ठभाग कठीण केलेला असतो आणि तो कठीण थर बहुधा एक मिलीमीटरच्या आतच असतो. प्रत्येक बाजूने ०.२ मिलीमीटर घासणे म्हणूनच चालते; अधिक घासल्यास आतील मऊ पोलाद उघडे पडते. तिसरा मार्ग आसावर कठीण क्रोमियमचा थर चढवून तो पुन्हा मूळ मापास घासण्याचा. तो चांगला असला तरी त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते.

आस व बुश यांच्यामध्ये डब्याचा पत्रा गुंडाळून सरकविण्याची युक्ती सर्वत्र चालते. घरी पोहोचण्यापुरती ती क्षम्य आहे. पण पातळ पत्रा डोलत्या भाराखाली लवकर फाटतो व त्याच्या धारदार कडा आसालाच कापतात. म्हणून त्यावर महिनाभर विसंबणे म्हणजे बुशाचा खर्च वाचवून आसाचा खर्च ओढवून घेणे होय.

शोध कोठे व कशाचा

ज्या गाड्यांचे उत्पादन चालू आहे, त्यांचे बुश तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानांत मिळतात. अडचण जुन्या गाड्यांची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याचे उत्पादन १९९६ साली थांबले. पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीच्या आराखड्यावर आधारलेली एस्कॉर्ट्सची राजदूतही आता निघत नाही. दणकट म्हणून ग्रामीण भागात जपून ठेवलेल्या अशा गाड्यांचा भाग नावाने मागितल्यास ‘येत नाही’ हेच उत्तर मिळण्याचा संभव असतो. तोच भाग मापाने मागितल्यास उत्तर बदलते. जीप व ट्रॅक्टर यांचे किंगपिनचे बुश, स्टार्टरचे बुश, तसेच प्रमाणित मापांत विकले जाणारे पातळ गुंडाळी बुश यांपैकी एखादा मापास जवळचा निघतो. गुंडाळी बुशांची मापे ठरलेली असतात. १५ मिलीमीटर आतील व १७ बाहेरील, किंवा २० आतील व २३ बाहेरील, अशा जोड्या त्यांत असतात. जाड बुश लांबीत कापून व बाहेरून उतरवून घेता येतो. पातळ बुश उतरविता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

यांपैकी काहीच न जमल्यास लेथ. आलापल्लीहून आष्टी, गोंडपिपरी, बल्लारपूर या मार्गाने चंद्रपूर गाठता येते. कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र व कागद कारखाना यांच्या या पट्ट्यात यंत्रांच्या दुरुस्तीची परंपरा असल्यामुळे बुश कातून देणे हे तेथील लेथवाल्यांस नवलाचे काम नाही. तेथे धातूची निवड मात्र आपण सांगावी. रूढ गनमेटलमध्ये ८८ भाग तांबे, १० भाग कथिल व २ भाग जस्त असते. झीज, आघात व पाणी या तिन्हींना ते चांगले तोंड देते. फॉस्फर ब्राँझ अधिक कठीण असते व त्यास कठीण आसाची जोड हवी. पितळ मात्र नाकारावे. पितळेची झाक पिवळी, तर गनमेटलची तांबूस असते, एवढी ओळख ग्राहकास पुरते.

तेलाने भिजलेले सच्छिद्र ब्राँझचे बुश बाजारात स्वस्त मिळतात व ‘याला वंगण नको’ असे सांगितले जाते. त्यांच्या छिद्रांतील तेल बाहेर येते ते मुख्यतः आसाच्या सततच्या फिरण्यामुळे व त्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेमुळे. पंख्याच्या मोटरीत ते उत्तम ठरतात. दीड मिलीमीटर सरकणाऱ्या आणि खड्ड्यांचे आघात सोसणाऱ्या चिमट्यात त्यांचा हा गुण फारसा उपयोगी पडत नाही. त्यांचे आतील छिद्र रीमरने कापल्यास सूक्ष्म छिद्रे बुजतात, ही आणखी एक अडचण. नायलॉनचा बुश गंजत नाही, परंतु नायलॉन-६ पाण्यात दीर्घकाळ राहिल्यास आपल्या वजनाच्या आठ-दहा टक्के पाणी शोषून फुगते. उन्हाळ्यात नेमका बसविलेला असा बुश पावसाळ्यात आसाला आवळून धरतो. तो वापरावयाचाच असल्यास मोकळीक अधिक ठेवावी.

लांबीत काटकसर करू नये. १४ मिलीमीटर व्यासाच्या व २५ मिलीमीटर लांबीच्या बुशाचे भार वाहणारे क्षेत्र, म्हणजे व्यास गुणिले लांबी, ३५० चौरस मिलीमीटर असते. लांबी निम्मी केली की त्याच भारास दाब दुप्पट होतो आणि झीजही त्याच मानाने वाढते.

बसविणे

बुश हातोडीने ठोकू नये. एक लांब बोल्ट, नट व दोन जाड वॉशर घेऊन तो हळूहळू ओढून बसवावा. कोणत्याही गावात हे साहित्य असते. चिमट्याचे टोक उकळत्या पाण्याने तापविल्यास काम सुकर होते. ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलेले २० मिलीमीटरांचे पोलादी छिद्र सुमारे ०.०१७ मिलीमीटरने रुंदावते, आणि वर सांगितलेल्या अधिक्याच्या मानाने ही सवलत लहान नाही.

बुशाचे आतील छिद्र लेथवरच अंतिम मापास नेऊ नये. ते ०.२ ते ०.३ मिलीमीटर कमी ठेवावे आणि दोन्ही बुश बसविल्यानंतर जुळवता येणाऱ्या हाती रीमरने थोडे थोडे कापत आसाच्या मापास आणावे. रीमर एवढा लांब असावा, किंवा त्यास असा मार्गदर्शक दांडा असावा, की दोन्ही छिद्रे एका रेषेत कापली जातील. वेगवेगळी कापलेली छिद्रे स्वतंत्रपणे अचूक असूनही आस त्यांतून सरळ जात नाही. आस हाताच्या दाबाने आत जावा आणि चिमटा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली यावा, ही योग्य बैठकीची कसोटी होय. त्यानंतर वंगणाची खाच व छिद्र मोकळे आहे याची खात्री करून, नवे ग्रीस बुशाच्या कडेने बाहेर येईतो भरावे. नाला ओलांडणाऱ्या गाडीत ग्रीसचे दुसरे कार्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे असते : ते रेतीला दार बंद करते. पाण्यातून गेल्यावर नवे ग्रीस दाबून जुने मळके ग्रीस बाहेर काढणे, हा सर्वांत स्वस्त बुश आहे असे म्हटले तरी चालेल.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, दूरच्या अरण्यप्रदेशात खरी उणीव भागाची नसून मापाची असते. बुश ही दुर्मीळ वस्तू नव्हे. गनमेटलची कांडी आणि लेथ जेथे आहे तेथे तो अर्ध्या तासात जन्मास येतो. दुर्मीळ असते ती आसाच्या दोन जागी घेतलेली, कागदावर टिपलेली नेमकी मापे. हेमलकशासारख्या ठिकाणच्या लहानशा दुरुस्तीगृहात एक व्हर्नियर कॅलिपर, योग्य मापाचा एक जुळवता येणारा रीमर, बुश ओढण्याचा बोल्ट, आणि परिसरात चालणाऱ्या गाड्यांच्या बुशांची मापे लिहिलेली एक वही एवढे साहित्य असले, आणि आतून किंचित कमी मापाचे काही बुश मृगापूर्वी कातून आणून ठेवले, तर पुराच्या दिवसांतही गाडी अडून राहण्याचे कारण उरत नाही. ही वही कोणत्याही कारखान्यात छापून मिळणार नाही. ती तेथील कारागिराने, प्रत्येक उघडलेल्या चिमट्याबरोबर एकेक ओळ लिहीत, स्वतःच तयार करावयाची आहे.